गिऱ्हाईक नावाचा लांबचा नातेवाईक

'ग्राहक हा राजा आहे' अशी पाटी ज्या हॉटेलात लावलेली असते, ते हॉटेल घरच्या माणसांचं नसतं, पगारी माणसांचं असतं. पगारी माणसाला राजा परवडतो. ड्यूटी संपली की तो राजाला तिथंच सोडून घरी जातो. पण ज्या हॉटेलात गल्ल्यावर बाप, चुलीपाशी आई, टेबलावर फडकं मारायला थोरला आणि कांदा चिरायला आजी असते, तिथं राजाला बसवायचं कुठं? तिथं गिऱ्हाईक म्हणजे लांबचा नातेवाईक. त्याला मान असतो, पण त्याचा हट्ट चालत नाही. घरातलं सगळं त्याला माहीत असतं, पण मत कुणी विचारत नाही. न विचारताच तो ते देतो. इस्टेटीत वाटा नसला, तरी घरच्या दुखण्याखुपण्यात त्याचा वाटा पुरेपूर असतो.

याचा अभ्यास करायचा तर पिंगळीसारखं गाव नाही. परभणी आणि पूर्णा या दोन जंक्शनांच्या मधलं हे स्टेशन. दोन जंक्शनांच्या मध्ये सापडलेल्या गावाचं जे व्हायचं तेच पिंगळीचं झालंय. पॅसेंजर थांबते, एक्स्प्रेस शिटी वाजवून निघून जाते. थांबलेल्या माणसाला चहा लागतो, आणि गाडी चुकलेल्या माणसाला चहाबरोबर भजेही लागतात. म्हणून हॉटेल. त्याचं नाव सांगत नाही. सांगितलं तर जाहिरात केली म्हणून बाकीचे हॉटेलवाले रुसतील, आणि पुढचं वाचून हा हॉटेलवालाही रुसेल. उधारीवर जगणाऱ्या माणसाला एकाच वेळी सगळ्यांशी वाकडं घेणं बरं नाही.

पुढं पत्र्याचं शेड, मागं घर आणि मध्ये एक पडदा. पडदा कधीकाळी फुलाफुलांचा होता. आता फुलं कुठली आणि हळद-तेलाचे डाग कुठले हे सांगणं अवघड आहे. पडद्याच्या अलीकडं धंदा आणि पलीकडं संसार, अशी वाटणी मालकानं केली होती. ती पहिल्या आठवड्यातच मोडली असावी. कारण पलीकडून 'आवं, गॅस संपलाय' ही बातमी आणि 'तुमच्या बहिणीचा फोन आलता, काय लागलं असंल तिला' हे भाष्य एकाच आवाजात येतं, आणि अलीकडं बसलेले आम्ही दोन्ही सारख्याच गांभीर्यानं ऐकतो. बहिणीला काय लागलं असेल यावर बाकड्यावर दबक्या आवाजात चर्चा होते. गॅस संपल्याचं दुःख त्यात मागं पडतं.

इथला मेनू भिंतीवर लिहिलेला आहे. पोहे, सुशीला, भजे, पुरीभाजी, आलुबोंडा, पिठलं-भाकरी. पण भिंतीवरच्या मेनूवर विश्वास ठेवणारा माणूस बाहेरगावचा समजावा. खरा मेनू घरच्या परिस्थितीवरून काढावा लागतो. आजीचे गुडघे दुखत असले तर भाकरी नाही, कारण भाकरी आजीच थापते. तिची सूनबाई, म्हणजे मालकीणबाई, माहेरी गेली असेल तर सुशीला नाही. धाकट्याचा पेपर अवघड गेला असेल तर भजे आहेत, पण करपलेले, कारण कढईपाशी उभी आई पडद्याआडून त्याच्याकडंच बघत असते. नेहमीचं गिऱ्हाईक आल्या आल्या 'काय आहे?' असं विचारत नाही. 'समदे बरे आहेत ना?' असं विचारतं, आणि उत्तरावरून ऑर्डर ठरवतं.

सुशीला म्हटल्यावर पुण्या-मुंबईच्या वाचकांनी भुवया उंचावू नयेत. ती बाई नव्हे, नाश्ता आहे. मुरमुरे पाण्यातून काढून घट्ट पिळायचे, हिरवी मिरची, कांदा आणि शेंगदाण्याची फोडणी करायची, मुरमुरे त्यात परतायचे आणि वरून डाळव्याचं पीठ भुरभुरायचं. कृती एवढीच, पण सगळी विद्या पिळण्यात आहे. कमी पिळले तर लगदा होतो, जास्त पिळले तर भुगा. या घरातल्या सासूचा हात लगद्याकडं झुकणारा आणि सुनेचा भुग्याकडं. त्यामुळं गिऱ्हाइकांतही दोन पक्ष पडलेत. सासूपक्षाचे लोक सकाळी लवकर येतात, सूनपक्षाचे नऊनंतर. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत एवढी स्पष्ट फळी पडत नाही.

लांबच्या नातेवाइकाला घर काय काय सोसायला लावतं, ते बघा. पाहुण्यारावळ्यात लग्न निघालं की खडूनं पाटीवर लिहिलं जातं: 'घरगुती कारणामुळे हॉटेल बंद राहील.' किती दिवस, ते लिहीत नाहीत. ते वरातीवर अवलंबून असतं. दहावीच्या परीक्षेत टीव्ही बंद. घरातल्या मुलीनं दोन नंबरच्या टेबलावर भूमितीची वही उघडली की त्या टेबलावर कुणी बसायचं नाही, आणि शेजारच्या टेबलावर कुणी भुरका मारून चहा प्यायचा नाही. भारताची मॅच ऐन भरात असताना आम्ही काळ्या पडद्याकडं बघत भजे खाल्लेत. कुणी चकार शब्द काढला नाही. पोरगी आमचीच आहे; तिला चांगले मार्क पडले तर पेढा आम्हालाच मिळणार.

आणि विकत मिळणारी वस्तू इथं पैसे देऊनही मिळेलच असं नाही. निवृत्त गुरुजी एकदा दुसरी प्लेट मिरचीभजे मागत होते. पडद्यामागून आजीचा आवाज आला,

"त्यांना देऊ नको रे. बीपीच्या गोळ्या चालू हायेत त्यांच्या."

"आजी, एकच प्लेट," गुरुजी म्हणाले.

"काहून? परवा सूनबाई सांगून गेलीय तुमची. भाकरी खा, मोतीची हाय."

गुरुजींनी चाळीस वर्षं पोरांना पायाचे अंगठे धरायला लावले, पण त्या दिवशी मुकाट्यानं भाकरी खाल्ली. 'मोतीची' म्हणजे 'परभणी मोती' या ज्वारीची. परभणीच्या कृषी विद्यापीठानं काढलेलं हे रब्बीचं वाण, दाणा टपोरा आणि चकचकीत. विद्यापीठ 1972 साली स्थापन झालं आणि आता त्याला वसंतराव नाईकांचं नाव आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी या वाणावर कष्ट घेतले तेव्हा त्याचा उपयोग गुरुजींचं बीपी आटोक्यात ठेवायला होईल, असं त्यांच्या मनातही आलं नसेल. तारांकित हॉटेलात गिऱ्हाइकाला 'तुम्ही हे खाऊ नका' असं सांगणारा वेटर दुसऱ्या दिवशी नोकरीत राहत नाही. इथं सांगणाऱ्याला नोकरीतून काढायचं कुणी? ती मालकाची आई आहे.

'जगात जर्मनी, भारतात परभणी' ही आमच्या जिल्ह्याची जुनी घोषणा. जर्मनीचं काय ते जर्मनीला ठाऊक, पण हॉटेलच्या बाबतीत आमचं गोत्र शोधायला अमेरिकेत जावं लागतं. न्यू ऑर्लीन्स शहरात 'आंत्वान्स' नावाचं फ्रेंच रेस्टॉरंट आहे. 1840 साली आंत्वान आल्सियातोर नावाच्या, मार्सेहून आलेल्या तरुणानं ते काढलं, आणि आजही ते त्याच घराण्याकडं आहे. जेवायच्या खोल्या 14. आमच्याकडं खोली एक आणि पडदा एक, पण कारभार एकच.

आंत्वानची तब्येत बिघडली तेव्हा 1874 मध्ये तो बायकोमुलांचा निरोप घेऊन मायदेशी फ्रान्सला गेला, मरण तिथंच यावं म्हणून. हॉटेल त्याच्या बायकोनं, ज्यूलीनं, सांभाळलं. तिनं ज्यूल्स या मुलाला सहा वर्षं हाताखाली घासलं. मग पॅरिस, स्ट्रासबूर्ग आणि मार्सेच्या स्वयंपाकघरांत धाडलं. तो शिकून परत आला, तरी लगेच गल्ल्यावर बसवलं नाही. आधी गावातल्याच एका क्लबात तो स्वयंपाकी होता. आईची खात्री पटली तेव्हाच बोलावणं गेलं. आमच्या मालकीणबाईंनी ज्यूलीचं नाव ऐकलेलं नाही, पण धोरण तेच. थोरल्याला त्यांनी पुण्याला एका केटरिंगवाल्याकडं पाठवलं. तो दोन वर्षांनी आला तो लॅमिनेशन केलेलं मेनूकार्ड घेऊनच. त्यात 'पनीर अंगारा' होता, 'व्हेज क्रिस्पी' होतं, आणि सुशीलाला 'पफ्ड राइस उपमा' म्हटलेलं होतं. आईनं कार्ड वाचलं, शांतपणे घडी घालायचा प्रयत्न केला. लॅमिनेशनमुळं घडी पडेना, तेव्हा तिनं त्याचा उपयोग चुलीला वारा घालायला केला. ज्यूलीनं मुलाला सहा वर्षं घासलं त्याचं मर्म मला त्या दिवशी कळलं.

त्या ज्यूल्सनं पुढं एक पदार्थ काढला, 'ऑयस्टर्स रॉकफेलर'. कोकणात ज्यांना कालवं म्हणतात, ती शिंपल्यातली कालवं हिरव्या सॉसखाली भाजायची. फ्रान्सहून गोगलगायी मिळेनात म्हणून घरच्या समुद्रातली कालवं घेतली, आणि सॉस इतका श्रीमंत झाला की नाव त्या काळातल्या सर्वांत श्रीमंत माणसाचं दिलं. कृती घराबाहेर जाऊ दिली नाही. लोक म्हणतात त्यात पालक असणार. घरचे म्हणतात, पालक नाही. एवढंच सांगतात. आमच्या आजीच्या येसराचंही असंच आहे. डाळी, गहू, धणे भाजून दळलेलं हे पीठ आमटीत पडलं की आमटीला अंग येतं, हे सगळ्या मराठवाड्याला माहीत आहे. पण आजीच्या येसरात आणखी काहीतरी आहे. विचारलं तर आजी म्हणते, "दगडफूल नाही." काय आहे, ते सुनेलाही अजून कळलेलं नाही. आजी म्हणते, वेळ आली की सांगीन. वेळ म्हणजे कुठली वेळ, हे विचारायची सुनेची हिंमत होत नाही.

आंत्वान्सचा मेनू वर्षानुवर्षं फक्त फ्रेंचमध्ये होता. समजलं नाही तर वेटरला विचारायचं. वेटरही ठरलेला, तिथल्या जुन्या गिऱ्हाईक घराण्यांचे वेटर ठरलेले असतात आणि पिढ्यानपिढ्या तेच चालतं. अमेरिकेत 1920 ते 1933 दारूबंदी होती. तेव्हा म्हणे या हॉटेलात बायकांच्या प्रसाधनगृहातून एका गुप्त खोलीत वाट जायची. मंडळी कॉफीचा कप घेऊन बाहेर यायची, आणि 'हे कुठून आणलं?' असं विचारलं की 'कळतच नाही बुवा' असं उत्तर द्यायची. त्या खोलीला आजही 'मिस्टरी रूम' म्हणतात. ड्राय डेच्या दिवशी आपल्याकडच्या काही ढाब्यांवर चहाच्या कपाला फेस कसा येतो, याचं कोडं ज्यांना पडलंय, त्यांनी हे उत्तर लिहून ठेवावं. आमच्या पडद्यामागून मात्र चहाच येतो. मागं आजी आहे.

फ्रेंचांचं खाण्यापिण्यातलं मोठं नाव म्हणजे मिशेलिनचे तारे. हे मिशेलिन म्हणजे खाणावळवाले नव्हेत, टायरवाले. दोघा भावांनी 1900 साली मोटारवाल्यांसाठी फुकट पुस्तिका काढली. लोकांनी गाड्या काढून लांब लांब हिंडावं, टायर झिजवावेत आणि नवे घ्यावेत. या पुस्तिकेच्या तीन ताऱ्यांपैकी दोन तारे म्हणजे वाट वाकडी करून जावं असं ठिकाण, आणि तीन म्हणजे मुद्दाम प्रवास करून जावं असं. टायर झिजावेत म्हणून पुस्तक छापायची वेळ परभणी जिल्ह्यात कधी आली नाही. ते काम इथले रस्तेच करतात, आणि टायरवाल्यांकडून एक पैसा घेत नाहीत. आणि वाट वाकडी करण्याचं म्हणाल, तर आमच्याकडं वाट आधीच इतकी वाकडी असते की भज्यांसाठी आणखी वाकडी करता येत नाही.

तारे मिळवण्यात मात्र एका बाईनं सगळ्यांना मागं टाकलं. लियोंची यूजेनी ब्राझिए ही शेतकऱ्याची पोर, आई लहानपणीच गेलेली. 1933 मध्ये तिच्या दोन हॉटेलांना मिळून सहा तारे मिळाले. एवढे तारे कुणाकडंच नव्हते. लियोंमध्ये अशा स्वयंपाकिणींना 'मेर', म्हणजे आई, म्हणायची चाल आहे. आपल्या गिरणगावातही अशा आया होत्या. कोकणातून, घाटावरून आलेला गिरणी कामगार ज्यांच्या पोळीभाजीवर पोसला, त्या खाणावळवाल्या बायका. एका खोलीत संसार आणि त्याच खोलीत पंगत. त्यांना कुणी तारे दिले नाहीत. सावकारांनी मात्र हप्ते दिले. 1975 मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढून त्यांना एकत्र आणलं आणि बँकेचं कर्ज त्यांच्यापर्यंत पोचवलं, तेव्हा कुठं व्याजाचा फास सैल झाला. आमच्या मालकीणबाईही बचत गटात आहेत. गटाची बैठक हॉटेलातच होते, आणि त्या वेळात चहा मागायचा नसतो, कारण मालकही तेव्हा हॉटेलाबाहेर उभे असतात.

घरच्या हॉटेलात मालकाचं वयही मेनूत धरायचं असतं. मुंबईत बॅलार्ड इस्टेटला 1923 पासूनचं 'ब्रिटानिया' आहे. तिथले बोमन कोहिनूर नव्वदी ओलांडल्यावरही टेबलाटेबलाशी जाऊन ऑर्डर घ्यायचे आणि इंग्लंडच्या राणीवरचं प्रेम गिऱ्हाइकाला ऐकवायचे. बायकोच्या हातची इराणी कृती, इराणहून येणारी आंबट लाल बेरी आणि त्यांचा बेरी पुलाव. लोक पुलाव खायला जायचे आणि आजोबा ऐकून यायचे. 2016 मध्ये मुंबईला आलेल्या राजपुत्र विल्यमशी त्यांची भेटही झाली. 2019 मध्ये ते गेले, आणि पुलावाच्या भोवतीची निम्मी चव त्यांच्याबरोबर गेली. आमच्या मालकांकडं राणी नाही. त्यांच्याकडं मीटरगेज आहे. मनमाडपासून सिकंदराबादपर्यंत निजामाच्या काळात पडलेला लहान रूळ, कोळशाचं इंजिन, आणि गाडीचा गार्ड स्टेशनात उतरून मालकांच्या वडिलांच्या हातचे भजे कसा न्यायचा, ही कथा ते प्रत्येक नव्या माणसाला सांगतात. कथेत दर वेळी भज्यांची संख्या वाढते. अलीकडं गार्ड डबाभर नेतो. आम्ही हरकत घेत नाही. चहाच्या किमतीत कथा धरलेलीच आहे.

आता हे स्वस्त कसं पडतं, हे एकदा बघू. पगार कुणालाच नाही. आजीला पगार नाही, सुनेला नाही, कॉलेजातून येऊन कपबश्या विसळणाऱ्या धाकट्याला तर नाहीच. मालकाला विचारलं तर तो म्हणतो, "घरच्यांना कसला पगार?" आणि घरच्यांना विचारलं तर घरचे मालकाकडं बघतात. ताटात चार पैसे स्वस्त पडणारी भाकरी कुणाच्या तरी न मिळालेल्या पगाराची असते. म्हणून ज्याला पगार म्हणजे काय हे कळतं, तो पहिली गोष्ट करतो ती म्हणजे पडद्याबाहेर पडतो. मुंबईतली इराणी हॉटेलं एक एक करून मिटली, ती चहा बिघडला म्हणून नव्हे. मुलं शिकली आणि त्यांना दुसरं काही करायचं होतं म्हणून. आंत्वान्सला पाच पिढ्या मिळाल्या, हे नशीब समजायचं. आमचा धाकटा पोलीस भरतीसाठी पहाटे स्टेशन रोडवर धावतो. भजे तळून झाल्यावर धावतो, त्यामुळं त्याच्या मागून येणाऱ्या पोरांना भूक लागते.

राहिला थोरला. मेनूकार्डाचा राग त्यानं गिळलाय, चूल स्वीकारलीय, आणि त्याची भाकरी आजीच्या भाकरीजवळ येऊ लागलीय. पण त्याला मुलगी मिळत नाही. आजकाल शेतकऱ्याच्या मुलाला मुलगी मिळत नाही, हे सगळे बोलतात. हॉटेलवाल्याचं दुःख कुणी मोजत नाही. मुलीकडचे येतात, भजे खातात, 'फार छान' म्हणतात, आणि 'मुलाला नोकरी कुठं आहे?' असं विचारून निघून जातात. कितीतरी प्लेट भजे असे वायाच गेले.

हे दुःख अर्थातच एकट्या घराचं नाही. थोरल्याला मुलगी मिळाली नाही तर तो पुण्याला जाईल, तो गेला तर चूल विझेल, आणि चूल विझली तर पिंगळीची पॅसेंजर चुकलेल्या माणसानं कुठं जायचं? म्हणून मग सगळं बाकडं स्थळं शोधायला लागलं. गुरुजींनी जुन्या विद्यार्थिनींच्या बहिणी आठवल्या. कृषी विद्यापीठात नोकरीला असलेल्या एकानं एमएस्सी अ‍ॅग्री झालेली मुलगी सुचवली. पडद्यामागून लगेच प्रश्न आला,

"सैपाक येतो का तिला?"

"नाही आजी. पण ज्वारीवर अभ्यास केलाय तिनं."

"म्हंजे दाणा वळखती. बाकी मी शिकविते."

"आणि येसर?" सुनेनं विचारलं. पडद्यामागं बराच वेळ काही ऐकू आलं नाही.

मालकांनी मात्र धंदेवाईक डोकं लढवलं. गल्ल्यातून उधारीची वही काढली, सगळ्यांना दिसेल अशी धरली आणि जाहीर केलं, "ज्याचं स्थळ जमंल, त्याचं पान फाडून टाकतो." सासूपक्ष आणि सूनपक्ष एका क्षणात एक झाले. संध्याकाळची पॅसेंजर यायच्या आत गल्ल्यावर सात बायोडाटा जमा झाले होते, आणि त्यात सगळ्यांत जाड बायोडाटा ज्याचा होता, त्याचं वहीतलं पानही सगळ्यांत भरलेलं होतं.